पुढच्या पाठाला कुलूप कुणी लावलं?

(संघटनेचा कायदा-साक्षरता अभ्यासक्रम ऑनलाइन आणण्याविषयी कार्यकर्त्यांची बैठक झाली. त्या बैठकीतल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)

आजवर आपण कायद्याचं शिबिर समोरासमोर घेत आलो. तीन दिवस, एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये, सतरंजीवर गोल करून. आता तेच शिक्षण फोनवर, बायांना आपापल्या घरी घेता यावं असं आपण ठरवतो आहोत. मजकूर लिहून झाला आहे, काही व्हिडिओही तयार आहेत. राहिली आहे ती एकच गोष्ट. ती तांत्रिक आहे असं म्हणून, आपल्यातल्या जिला संगणक कळतो तिच्यावर टाकून आपण मोकळ्या होऊ पाहतो. ती गोष्ट म्हणजे, कोणता पाठ कुणाला, कधी आणि कुठल्या अटीवर उघडेल?

हा प्रश्न मुळीच तांत्रिक नाही, एवढंच सांगायला मी उभी आहे. कुणी काय शिकायचं, कोणत्या क्रमानं शिकायचं, आणि पुढे जायला ती पात्र झाली की नाही हे कुणी ठरवायचं, हा आपल्या चळवळीचा फार जुना प्रश्न आहे. या देशात ज्ञानाला कुलूप लावायची रीत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. 'अधिकार' या शब्दाचा एक जुना अर्थच मुळी 'शिकण्याची पात्रता' असा होता, आणि स्त्रियांना व शूद्रांना ती नाही असं सांगणारी शास्त्रं होती. १८४८ मध्ये पुण्याला भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा काढली तेव्हा ते कुलूप फोडलं गेलं. म्हणून शिक्षणाच्या वाटेवर नवं कुलूप आपण आपल्या हातानं लावणार असू, तर दोनदा विचार करून लावावं.

कुलूप असतं तरी कसं?

आधी वस्तू समजून घेऊ. मूडल नावाचं सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डूगियामास यांनी त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये काढली. ते मोफत आहे आणि जगभरच्या शाळा-कॉलेजांत वापरलं जातं. अभ्यासक्रम रचणाऱ्या बाईला त्यात प्रत्येक पाठाबद्दल दोन गोष्टी ठरवता येतात.

पहिली, पाठ 'पूर्ण' झाला असं कधी मानायचं? शिकणारीनं स्वतः खूण केली की? तिनं पान उघडलं की? स्वाध्याय पाठवला की? की चाचणीत ठरावीक गुण मिळाले की? दुसरी, पाठ उघडण्याआधी काय झालेलं असलं पाहिजे? आधीचा पाठ पूर्ण हवा, अमुक तारीख उलटलेली हवी, अमुक इतके गुण हवेत, ती अमुक गटातली हवी. या अटी एकीवर एक चढवताही येतात.

त्यात एक बारीकसं चित्र असतं, डोळ्याचं. तो डोळा उघडा ठेवला तर बंद पाठ शिकणारीला फिकट दिसतो, आणि तो का बंद आहे तेही खाली लिहिलेलं असतं. डोळा मिटला तर तो पाठ अस्तित्वात आहे हेच तिला कळत नाही. एका टिचकीचा फरक आहे, पण केवढा मोठा! एकीला दार दिसतं आणि त्याची अट कळते. दुसरीला भिंतच दिसते.

याशिवाय व्हिडिओ पुढे सरकवता येऊ नये, चाचणी दोनदाच देता यावी, वीस मिनिटं झाली की ती आपोआप बंद व्हावी, अशाही सोयी असतात. आता यांना सोयी म्हणायचं की नाही, हाच आजचा विषय.

ही कल्पना मुळात वाईट नव्हती

याचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो आपल्या कामाचा आहे. अमेरिकेत सिडनी प्रेसी या मानसशास्त्रज्ञानं १९२६ मध्ये आपल्या एका यंत्राविषयी लिहिलं. त्या यंत्रावर प्रश्न दिसे आणि उत्तराचं बटण दाबायचं असे. एक कळ फिरवली की बरोबर बटण दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न येतच नसे. आजच्या कुलपाचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही.

१९५३ मध्ये बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. त्यांनी पाहिलं की सगळ्या मुलांना एकाच चालीनं हाकलं जातंय, आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे मुलांना फार उशिरा कळतंय. त्यातून त्यांनी शिकवण्याचं यंत्र बनवलं. लहान लहान पायऱ्या, लगेच उत्तर, आणि प्रत्येकाची आपापली गती. १९६८ मध्ये बेंजामिन ब्लूम यांनी मांडलं की पुरेसा वेळ आणि योग्य मदत मिळाली तर बहुतेक विद्यार्थी विषय नीट आत्मसात करू शकतात. म्हणजे सर्वांना सारखा वेळ देऊन मग कमीजास्त गुण मोजत बसण्याऐवजी वेळच कमीजास्त करा.

याच काळात ब्राझीलमध्ये एक प्रयोग चालला होता. त्यात फ्रेड केलर आणि त्यांचे सहकारी होते, आणि त्यांच्यात कॅरोलिना बोरी ही ब्राझीलची मानसशास्त्रज्ञ बाई होती. १९६४ मध्ये ब्राझिलियाच्या विद्यापीठात त्यांनी ही पद्धत सुरू केली. एक घटक पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही, म्हणजे कुलूप होतंच. पण त्यासोबत आणखी तीन गोष्टी होत्या. विद्यार्थी आपल्या गतीनं जाई. चाचणीत नापास झालं तरी शिक्षा नसे, पुन्हा द्यायची. आणि तोच अभ्यासक्रम आधी केलेला एक जण शेजारी बसून चाचणी तपासे, का चुकलं ते तिथल्या तिथे बोले.

मैत्रिणींनो, हे तिन्ही नीट लक्षात ठेवा: हवा तेवढा वेळ, चुकायची मुभा आणि शेजारी माणूस. आज अनेक अभ्यासक्रमांत यातलं कुलूप तेवढं उचललेलं दिसतं. वेळेला मुदत लागली, चुकण्यावर मोजदाद बसली, आणि शेजारचं माणूस तर खर्च वाचवायला सगळ्यांत आधी काढून टाकलं गेलं.

'पूर्ण' म्हणजे काय?

हे अभ्यासक्रम आणि त्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा यांनी एकमेकांशी कसं बोलावं, याचे काही संकेत ठरलेले आहेत. त्यांतला स्कॉर्म नावाचा संकेत अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारानं तयार झाला आणि नंतर कंपन्यांच्या प्रशिक्षणात सर्वत्र पसरला. त्याच्या जुन्या आवृत्तीत शिकणाऱ्याच्या स्थितीसाठी सहा शब्द आहेत. मराठीत सांगायचे तर उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळलं, आणि हात लावला नाही. बस, एवढेच.

या सहांत 'कळलं पण पटलं नाही' कुठे बसतं? 'वाचताना रडू आलं म्हणून थांबले' कुठे बसतं? आपल्या शिबिरात दुसऱ्या दिवशी एखादी बाई काही न बोलता उठून बाहेर जाते, ओट्यावर बसते, आणि रात्री जेवताना हळूच म्हणते, 'ताई, ते तुम्ही सांगत होता ना, ते माझंच होतं.' शिबिरातली सर्वांत मोठी घटना ती असते. यंत्राच्या वहीत ती 'अपूर्ण'.

उलट बाजूही पाहा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये आला. कर्मचाऱ्यांसाठी जाणीवजागृतीचे कार्यक्रम घेणं त्यानं मालकावर बंधनकारक केलं. तुमच्यापैकी ज्या अंतर्गत समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून जातात त्यांनी पाहिलंय की अनेक ठिकाणी या कार्यक्रमाचं काय होतं. एक ऑनलाइन पाठ असतो. 'पुढे' हे बटण ठरावीक सेकंदांनी उजळतं, तोवर माणूस दुसरं काम करतो. शेवटी दहा प्रश्न, मग प्रमाणपत्र. कचेरीच्या कागदावर शंभर टक्के लोक शिकून तयार! आणि तक्रार आली की त्याच शंभर टक्क्यांतला एखादा विचारतो, 'पण तिनं लगेच का नाही सांगितलं?' कुलूप लावून पानं उलटवून घेता येतात. मन उलटवून घेता येत नाही.

बाईचा वेळ, बाईचा फोन

आता आपल्या बायांकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायांकडेच स्वतःला वापरता येईल असा मोबाइल होता. कधी तरी इंटरनेट वापरलेल्या बाया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. म्हणजे आपण 'फोनवर शिका' म्हणतो तेव्हा अनेकींच्या बाबतीत तो फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, आणि तो संध्याकाळी घरी आला की तिच्या वाट्याला अर्धा तास येतो.

आणि वेळ? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, घरातली बिनमोल कामं करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. ही कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. ही पाच तासांची कामंही सलग नसतात. पाणी आलं की ऊठ, मूल रडलं की ऊठ, कुणी आलं की चहा टाक. बाईचा वेळ तुकड्यातुकड्यांचा असतो. आता वीस मिनिटांत संपणारी चाचणी या वेळात बसवून पाहा. पुढे न सरकणारा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ बसवून पाहा. मध्येच नेट गेलं की पहिल्यापासून. ज्यानं ही अट घातली त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं? दार लावून टेबलाशी बसलेला, ज्याला जेवायला हाक मारली जाते असा विद्यार्थी.

भाषेचंही तसंच. उत्तर टाइप करायला सांगणाऱ्या प्रश्नांत यंत्र अक्षराला अक्षर जुळवून पाहतं. 'संरक्षण अधिकारी' असं उत्तर अपेक्षित आहे आणि बाईनं 'सरंक्षण अधिकारी' लिहिलं. अनुस्वार एक घर पुढे गेला, उत्तर चूक, पुढचा पाठ बंद. तिला कायदा येतो, टाइपिंग येत नाही. पण कुलपाला या दोहोंतला फरक कळत नाही. आधीच 'मला काय येतंय' असं म्हणत आलेल्या बाईला पडद्यावरचा तो लाल शब्द काय सांगतो, याचा विचार करा.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या सगळ्या यंत्रणा नोंद ठेवतात. कुणी किती वाजता पाठ उघडला, किती मिनिटं थांबली, कुठे सोडला. टप्प्याला कुलूप लावायचं तर ही नोंद ठेवावीच लागते, कुलूप तिच्याच जोरावर चालतं. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की सासरच्या बायकांना त्यांचं शिकणं खपत नसे, त्यांना बोलणी खावी लागत. किती बाया अशा चोरून शिकल्या! आज आपला पाठ उघडणारी बाई मार खाणारी असेल, आणि 'तुमचा पाठ ३ अपूर्ण आहे, आजच पूर्ण करा' असा संदेश रात्री नऊ वाजता नवऱ्याच्या हातातल्या फोनवर वाजला तर? आपण आठवण पाठवली. तिच्या घरी काय झालं ते आपल्या तक्त्यात येणार नाही.

मग क्रम नकोच का?

आपल्यातल्या काहीजणी म्हणतात, कुलूप नसेल तर बाया सगळं चाळून प्रमाणपत्र घेतील आणि उद्या चुकीचा सल्ला देतील. ही भीती खोटी नाही. शिबिरातसुद्धा आपण क्रम ठेवतोच. हिंसा म्हणजे काय यावर बोलल्याशिवाय कलमं सांगत नाही. देणगी देणाऱ्यांनाही आकडा हवा असतो, 'किती जणींनी पूर्ण केलं?' तोही दबाव आहेच, तो नाही असं म्हणण्यात अर्थ नाही.

पण नीट पाहिलं तर आपल्या अभ्यासक्रमात दोन वेगवेगळ्या बाया येणार आहेत. एक, जिला स्वतःसाठी माहिती हवी आहे. दुसरी, जी शिकून दुसऱ्या बाईला मदत करणार आहे.

पहिलीचं पाहा. आपल्या मसुद्यात पाठ एक स्त्री-चळवळीचा इतिहास, पाठ दोन पितृसत्ता, तीन आणि चार कायद्याची पार्श्वभूमी. घरातून हाकललं तर काय करायचं, हे पाचव्या पाठात आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे, घर कुणाच्याही नावावर असलं तरी सामाईक घरात राहण्याचा हक्क तिला आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, न्यायदंडाधिकाऱ्याकडे निवासाचा आदेश मागता येतो. मोफत कायदेशीर मदत मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही. १८१ हा हेल्पलाइनचा नंबर आहे. हे सगळं पाचव्या पाठात. आणि ती आज रात्री, दोन मुलांना घेऊन, बसस्टँडवर बसली आहे. तिला आपण पितृसत्तेवरची चाचणी आधी पास करायला लावणार का?

दुसरीचं वेगळं आहे. ती उद्या एखाद्या पीडित बाईसमोर बसणार, तिची हकिकत टिपून घेणार. गुप्तता म्हणजे काय, नवऱ्याच्या माणसांना पत्ता सांगायचा नाही, समझोत्यासाठी दबाव आणायचा नाही, हे तिला पक्कं आलंच पाहिजे. तिथे कुलूप लावा. जरूर लावा.

म्हणून मला सुचणारी कसोटी अशी आहे. चूक झाली तर किंमत कोण मोजणार? शिकणारीच मोजणार असेल तर तिच्या वाटेत उभं राहण्याचा आपल्याला अधिकार नाही. तिसरीच बाई मोजणार असेल तर कुलूप हवं, आणि त्याची किल्ली माणसाच्या हाती हवी.

तर आपण काय करावं?

माझ्या सूचना मी मांडते, त्यांवर भांडू या.

एक. वाचायला, बघायला, ऐकायला कुठेही कुलूप नको. सगळे पाठ पहिल्या दिवसापासून उघडे. तातडीची मदत सर्वांत वर, नाव न नोंदवताही उघडणारी. क्रम सुचवायचा, 'हे आधी वाचलंत तर सोपं जाईल' असं सांगायचं. अडवायचं नाही.

दोन. अट असेल ती फक्त प्रमाणपत्राला, आणि प्रत्यक्ष केस हाताळायला बसण्याला. ती अट आणि तिचं कारण पहिल्याच पानावर साध्या मराठीत लिहिलेलं हवं. डोळा उघडा!

तीन. चाचणी कितीही वेळा देता यावी, वेळेचं बंधन नसावं. चुकलं तर नुसता लाल शब्द नको, का चुकलं ते दोन ओळींत सांगा. टाइप करायला लावण्याऐवजी निवडायला द्या, किंवा बोलून पाठवू द्या.

चार. मुदत द्यायचीच असेल तर तीत हुकण्याची जागा धरा. याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. आयआयटींच्या एनपीटेल अभ्यासक्रमांत बारा आठवड्यांच्या बारा स्वाध्यायांपैकी उत्तम आठच धरतात. चार आठवडे आजारपणात गेले, लग्नात गेले, तरी बाई बाद होत नाही. हुकणं हे नियमातच धरलेलं आहे, त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

पाच. जिला आधीच येतं तिला सरळ शेवटच्या चाचणीला बसू द्या. पंधरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या आपल्या जुन्या कार्यकर्तीला 'कायदा म्हणजे काय' हा व्हिडिओ सक्तीनं दाखवणं हा तिच्या अनुभवाचा अपमान आहे.

सहा. आठ-दहा जणींमागे एक ताई असावी, हा अभ्यासक्रम आधी केलेली. यंत्र अडवेल तिथे ताईला फोन करता यावा, आणि बोलून ताईची खात्री झाली तर तिनं पाठ पूर्ण धरावा. मूडलमध्ये एकेकीसाठी मुदत वाढवता येते, शिक्षिकेला स्वतः पूर्णतेची खूण करता येते. यंत्रात सोय आहे, आपण माणूस उभं करायला हवं. याला पैसे लागतील. अर्जात ते मागू या. सॉफ्टवेअरसाठी पैसे मागताना आपण लाजत नाही, मग ताईच्या मानधनासाठी का लाजावं?

सात. नोंद कमीत कमी. किती मिनिटं बसली, किती वाजता बसली हे आपल्याला कशाला हवं? आठवणीचे संदेश फक्त जिनं मागितले तिलाच, आणि तिनं दिलेल्या वेळेला. काय नोंदलं जातं आणि ते कोण पाहतं, हे तिला आधी सांगायचं.

शेवटी आकड्याविषयी. देणगीदारांना आपण 'इतक्या जणींनी पूर्ण केलं' एवढंच सांगू नये. कोणता पाठ किती जणींनी पुन्हा पुन्हा उघडला, कोणत्या पाठानंतर ताईला किती फोन आले, किती जणी संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोचल्या, हे सांगू. पाचवाच पाठ वाचून निघून गेलेली बाई आपल्या तक्त्यात अपयश म्हणून दिसता कामा नये. ती कदाचित न्यायालयात अर्ज करायला गेली असेल.

कुणी म्हणेल, एवढा खल एका बटणासाठी? हो, एका बटणासाठीच. ते चालू ठेवायचं की बंद, हे कुठल्या तरी कंपनीनं आधीच ठरवून दिलेलं असतं, आणि आपण ते तसंच ठेवतो. पुढच्या महिन्यात मसुदा सगळ्या गटांकडे येईल. प्रत्येक गटानं तो आपल्या वस्तीतल्या दोन-तीन बायांना, त्यांच्या फोनवर, त्यांच्या वेळेत करायला द्यावा. आपण शेजारी बसून सुचवायचं नाही. त्या जिथे अडतील ती जागा लिहून आणा, आणि प्रत्येक जागेपुढे लिहा, 'ही अट कुणाच्या भल्यासाठी?' ज्या अटीपुढे उत्तर लिहिता येणार नाही ती पुढच्या बैठकीत काढून टाकू.